दुसरी वाट

माझा भाचा जहाजावर जायच्या तयारीत होता तेव्हाची ही गोष्ट. आपाचा हा धाकटा मुलगा. बारावीनंतर त्याने रेटिंगचा कोर्स केला, मेडिकल झालं, नल्ली हातात आली. नल्ली म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक. पूर्वी हे कागद नळीत गुंडाळून जपून ठेवत, त्यावरून हा शब्द पडला असं जुने लोक सांगतात. आमच्या खाडीकाठच्या गावात अजूनही पोराला नोकरी लागली का, असं कुणी विचारत नाही. "नल्ली झाली का?" असंच विचारतात.

आग विझवायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेटही त्याच्याकडे होतं. मी सहज विचारलं, "काय काय शिकवलं रे?" तो हसला. "काही नाही मामू. एक सिलिंडर फवारायला दिला, फोटो काढला, सगळे पास."

ओटीवर आरामखुर्चीत बसलेले अब्बा हे ऐकत होते. अब्बा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आधी आगवाला, मग तेलवाला म्हणून तीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. ते काही बोलले नाहीत.

विषय आगीचा निघालाच होता म्हणून भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. "नाना, हे बघा. अमेरिकेचं विमानवाहू जहाज. खरी फिल्म आहे ही, डेकवरच्या कॅमेऱ्याने काढलेली." काळी-पांढरी, धुरकट चित्रं होती. डेकवर विमानं खेटून उभी, त्यांच्या खालून पसरत चाललेल्या ज्वाळा, माणसांची पळापळ. सगळे आगीपासून लांब पळत होते. एक माणूस मात्र हातात आग विझवायचा सिलिंडर घेऊन आगीकडे धावत होता.

अब्बा पुढे झुकले. "एकटाच?" ते म्हणाले. "एकटाच चाललाय हा?"

पुढच्या क्षणाला पडदा पांढरा झाला.

अब्बांनी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला आणि उठून आत गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत. अम्मीने विचारलं तर भूक नाही म्हणाले.

त्यानंतर मी त्या जहाजाच्या मागेच लागलो. यूएसएस फॉरेस्टल. २९ जुलै १९६७, शनिवार. व्हिएतनामच्या किनाऱ्यासमोरचं टोंकिनचं आखात. त्यावरच्या लोकांनी सांगून ठेवलेल्या आठवणी, चौकशीत पुढे आलेल्या गोष्टी, ग्रेगरी फ्रीमन यांनी वाचलेल्या खलाशांशी बोलून लिहिलेलं 'सेलर्स टू द एंड' हे २००२ सालचं पुस्तक, असं मिळेल ते वाचत गेलो. युद्धाची हौस म्हणून वाचत नव्हतो. अब्बा का उठून गेले ते मला कळत नव्हतं, म्हणून वाचत होतो.

आधी त्या जहाजावरचं जगणं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

फॉरेस्टल सुमारे सव्वातीनशे मीटर लांब होतं आणि त्यावर पाच हजारांच्या आसपास माणसं होती. आमच्यासारखी अनेक गावं एकावर एक रचली तर तेवढी लोकसंख्या होईल. वरच्या डेकवर विमानं, त्याखाली हँगर, त्याखाली आणि आजूबाजूला दारूगोळ्याची कोठारं, बॉयलर, इंजिनं, भटारखाने, लाँड्री, दवाखाना. आणि या सगळ्याच्या फटीफटींत माणसांची झोपायची जागा. एकावर एक तीन बिछाने. कित्येकांचे बिछाने तर थेट फ्लाइट डेकच्या खाली. डोक्यावर विमान उतरलं की वरचं सगळं लोखंड दणदणायचं. वाफेवर चालणारं कॅटापल्ट विमानाला गोफणीसारखं फेकायचं तेव्हा भिंती थरथरायच्या. पण माणूस बारा-चौदा तास राबून आला की त्याही आवाजात झोपतो. अब्बा म्हणतात, इंजिनरूमच्या माणसाला आवाजाने जाग येत नाही, आवाज थांबला की येते.

डेकवर काम करणाऱ्यांना रंगीत जर्सी असतात, कारण विमानांच्या गोंगाटात हाक ऐकू जात नाही. पिवळ्या जर्सीवाला विमानाला हातवारे करून वाट दाखवतो. निळ्या जर्सीवाले विमानं ढकलतात, चाकांना अडण्या लावतात. हिरवे कॅटापल्ट आणि उतरत्या विमानाला अडवणाऱ्या तारा सांभाळतात. जांभळे इंधन भरतात, त्यांना सगळे 'द्राक्षं' म्हणतात. लाल जर्सी बॉम्ब-रॉकेटवाल्यांची आणि आग विझवणाऱ्यांची. दिवसातून अनेकदा सगळे एका ओळीत उभे राहून डेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खाली बघत चालतात. एखादा स्क्रू, तारेचा तुकडा, खडा दिसला की उचलायचा. तेवढा तुकडा जेट इंजिनाने आत ओढून घेतला तर इंजिन गेलं. चालताना पुढून इंजिन आत ओढून घेईल, मागून त्याचा झोत समुद्रात फेकेल, पंख्याच्या विमानाचं फिरतं पातं तर दिसतही नाही. आणि हे सगळं करणारी बहुतेक पोरं एकोणीस-वीस वर्षांची. माझ्या भाच्याच्या वयाची.

आता तो दिवस.

फॉरेस्टल २५ जुलैला लढाईत उतरलं होतं. चार दिवसांत त्याच्यावरून सुमारे दीडशे मोहिमा झाल्या होत्या. बॉम्ब इतक्या वेगाने संपत होते की नव्यांचा पुरवठा पुरेना. आदल्या संध्याकाळी दारूगोळ्याच्या जहाजाने हजार-हजार पौंडांचे सोळा जुने बॉम्ब आणून दिले. वर्षानुवर्षं पडून राहिलेले, गंज चढलेले, काहींतून आतला पदार्थ पाझरत असलेले. त्यातली स्फोटकं जुन्या प्रकारची होती. नव्या बॉम्बइतका ताप सहन न करणारी. ते हाताळणाऱ्या जाणत्या लोकांनी हरकत घेतली. ती कॅप्टनपर्यंत गेली. कॅप्टननेही विचारणा केली. उत्तर आलं की दुसरे बॉम्ब नाहीत आणि दुसऱ्या दिवशीच्या मोहिमा तर ठरलेल्या आहेत. मग ते बॉम्ब खाली कोठारात नेले नाहीत, धोक्याचे म्हणून वर डेकवरच ठेवले. सकाळी विमानांना लावले.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. विमानाला लावलेल्या रॉकेटला एक सुरक्षेची पिन असते आणि विजेची एक जोडणी असते. नियम असा की जोडणी अगदी शेवटी, विमान कॅटापल्टवर पोचल्यावर करायची. पण तिथे वेळ जातो, मागच्या विमानांचा खोळंबा होतो. म्हणून जोडणी आधीच करून टाकायची पद्धत पडली होती. पिन तर आहे ना, असा विचार. आणि पिनसुद्धा कधी वाऱ्याने, कधी घाईने आधीच निघायची. दोन कुलपं होती. एक या खात्याने उघडं ठेवलं, दुसरं आहे म्हणून. दुसरं त्या खात्याने उघडं ठेवलं, पहिलं आहे म्हणून.

सकाळी अकराला दहा मिनिटं कमी होती. फँटम जातीच्या एका विमानात बाहेरच्या विजेवरून आतल्या विजेवर जाताना झटका बसला आणि त्याच्या पंखाखालचं झुनी रॉकेट सुटलं. डेक ओलांडून ते समोरच्या स्कायहॉक विमानाच्या इंधनाच्या टाकीत घुसलं. रॉकेट फुटलंसुद्धा नाही. टाकी फुटली. शेकडो लिटर इंधन डेकवर सांडलं आणि पेटलं. पेटत्या इंधनात ते जुने बॉम्ब पडले होते.

जॉन मॅकेन हे पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले नेते तेव्हा तिथेच एका स्कायहॉकमध्ये बसले होते. विमानाच्या नाकाडावरून पुढे सरकत, इंधन भरायच्या नळीवरून त्यांनी खाली उडी मारली आणि ज्वाळांतून बाहेर आले.

सिलिंडर घेऊन आगीकडे धावणारा तो माणूस म्हणजे जेराल्ड फेरियर. डेकवरच्या आग विझवणाऱ्या पथकाचा प्रमुख. अंगात आगीचा पोशाख चढवायलाही तो थांबला नाही. तापत चाललेल्या बॉम्बवर पावडर मारत राहिला, वैमानिकांना बाहेर पडायला जेवढे क्षण मिळतील तेवढे मिळावेत म्हणून. त्याला आणि त्याच्या माणसांना शिकवलेलं होतं की आगीत पडलेला बॉम्ब फुटायला काही मिनिटं लागतात. नव्या बॉम्बच्या बाबतीत ते खरंही होतं. जुना बॉम्ब दीड मिनिटाच्या आसपास फुटला. फेरियरने त्याचं कवच तडकताना पाहिलं, ओरडून आपल्या माणसांना मागे हटायला सांगितलं. तेवढ्यात तो गेला आणि त्याच्याबरोबर त्याचं जवळजवळ सगळं पथक गेलं.

या ठिकाणी मी बराच वेळ थांबलो होतो. त्या जहाजावर पाच हजार माणसं. त्यांतली डेकवरची आग विझवायला नीट शिकलेली माणसं होती मूठभर. ती मूठभर माणसं पहिल्या दोन मिनिटांत संपली. जहाजाचं आगीविषयीचं जवळजवळ सगळं शहाणपण एका स्फोटात संपलं.

पुढे जे धावले ते भित्रे नव्हते. स्वयंपाकी होते, कारकून होते, मेकॅनिक होते, वैमानिक होते. बॉम्ब एकामागून एक फुटत असताना त्यांनी होज पाईप उचलले. हाताला चटके बसत असताना बॉम्ब आणि रॉकेटं ढकलत नेऊन समुद्रात टाकली. विमानं डेकवरून खाली लोटली. पण पेटत्या तेलावर काय मारायचं हे त्यांना माहीत नव्हतं. एका बाजूने काही जण फोम मारत होते. फोम तेलावर साय धरतो, हवा तोडतो, म्हणून आग दबते. दुसऱ्या बाजूने दुसरे खाऱ्या पाण्याचा मारा करत होते. पाण्याने तो फोम धुऊन गेला. शिवाय पाण्यावर तरंगत पेटतं इंधन डेकला पडलेल्या भगदाडांतून खाली उतरलं. खाली रात्रपाळी करून आलेली पोरं झोपली होती.

रूपर्टस नावाची विनाशिका त्या पेटत्या जहाजाला वीसेक फुटांपर्यंत खेटली आणि दीड तास तशीच राहून आपल्या होजने पाणी मारत राहिली. वरचा कुठलाही स्फोट तिलाही घेऊन गेला असता. तरी वरच्या आगीला आवरायला दुपार झाली आणि जहाजाच्या पोटातल्या आगी विझेपर्यंत दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडली. १३४ माणसं गेली. १६१ जखमी झाली. एकवीस विमानं नष्ट झाली. अठरा जणांची ओळख पटवता आली नाही किंवा ते सापडलेच नाहीत. अर्लिंग्टनच्या दफनभूमीत त्या अठरा जणांचा एकच दगड आहे.

आणि एक गोष्ट. जहाजाच्या मागच्या भागात, सुकाणू फिरवणाऱ्या यंत्राच्या खोलीत तीन खलाशी अडकले. वरून आग, दारापर्यंत कुणाला पोचता येईना. फोन मात्र चालू होता. चीफ इंजिनिअर त्यांच्याशी बोलत होता. तिघांपर्यंत आपण वेळेत पोचू शकत नाही हे त्याला कळलं होतं आणि त्यांनाही कळलं. डाव्या सुकाणूचा ताबा दुसऱ्या बाजूला द्यायला हवा होता, नाहीतर जहाज हाताबाहेर जाण्याची भीती होती. त्याने त्यांना तसं करायला सांगितलं. त्यांनी केलं. त्यानंतर काही वेळाने फोनवर कुणी बोललं नाही.

हे मी अब्बांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं असं नंतर वाटलं, पण दाखवलं. मगरिब झाली होती, दिवे गेले होते. अंधारात त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"दार होतं?" त्यांनी विचारलं.

"कुठलं दार?"

"त्या तिघांना. दुसरं दार होतं का?"

मी म्हणालो, असतं तरी त्यांना पोचता आलं नसतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग पन्नास वर्षांत जे त्यांनी अम्मीलासुद्धा सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

१९७३ सालची गोष्ट. सुएझ कालवा तेव्हा बंद होता, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायची. अब्बांच्या जहाजावर आदल्या बंदरात एक नवा आगवाला चढला होता. खाडीपलीकडच्या गावचा. जहाजावर येऊन तीन दिवस झालेले. अब्बांची पाळी आठ ते बाराची, त्याची बारा ते चारची. त्या दिवशी दुपारी पाळी सोपवताना अब्बांनी त्याला बॉयलर दाखवला, झडपा दाखवल्या, पंप दाखवला. तो म्हणाला, मागे शाफ्टच्या बोगद्याकडे एक दार दिसतं, ते कशाला? अब्बा दमलेले होते. ते म्हणाले, उद्या दाखवतो.

ते दार म्हणजे दुसरी वाट. जहाजाच्या पंख्याचा दांडा ज्या बोगद्यातून जातो त्या बोगद्याच्या शेवटी एक उभी शिडी असते, ती थेट वरच्या डेकवर निघते. इंजिनरूमचा मुख्य जिना धुराने भरला तर याच वाटेने वर यायचं.

अर्ध्या-पाऊण तासाने तेलाची एक नळी फुटली. तापलेल्या लोखंडावर तेलाचा फवारा उडाला. खालची बाकीची माणसं जिन्याने वर आली. वर मोजणी झाली, एक कमी. पुन्हा मोजलं, एक कमी. धूर इतका की कुणी दोन पायऱ्यांच्या खाली उतरू शकेना. सेकंड इंजिनिअर दोनदा उतरला आणि दोनदा त्याला ओढून वर काढावं लागलं. मग सगळी दारं बंद करून गॅस सोडायचा हुकूम झाला. गॅसने आग गुदमरते, आत असलेला माणूसही गुदमरतो. दार लावणाऱ्यांत अब्बा होते.

"तो सापडला तो जिन्याच्या पायथ्याशी," अब्बा म्हणाले. "आलेल्या वाटेनेच वर यायला बघत होता. बोगद्याचं दार तिथून अकरा पावलांवर. मी नंतर मोजली."

जहाज मुंबईला लागल्यावर त्याची ट्रंक घेऊन अब्बाच खाडीपलीकडे गेले. त्याची आई दारात बसलेली होती. अब्बा तिला म्हणाले, तकदीर. तीही म्हणाली, तकदीर. तिने चहा केला. अब्बा चहा पिऊन तरीने परत आले.

"तिने मला काही विचारलंच नाही," ते म्हणाले. "विचारलं असतं तर बरं झालं असतं."

मी हे इथे लिहू का, असं त्यांना विचारलं. ते म्हणाले, जहाजाचं नाव लिहू नकोस, कंपनीचं लिहू नकोस, त्याचं नाव तर मुळीच नको. बाकी लिही.

कोकणच्या आपल्या खाड्यांनी कितीतरी पिढ्या जहाजांना सारंग, टिंडल, सुखाणी, आगवाले, भंडारी पुरवले. डोंगरीच्या गावकऱ्यांच्या खोल्यांत ते बोटीची वाट बघत राहिले. बोटीवरून आलेली घड्याळं, रेडिओ, ब्लँकेटं आपल्या घरांत आली, पक्की घरं उभी राहिली. त्यांच्या अपघाताच्या आठवणी मात्र घरात आल्या नाहीत. का आल्या नाहीत ते मला आता थोडं कळतं. बायकामुलं घाबरतील, पोरगा जहाजावर जायला नाही म्हणेल, मेलेल्याच्या घरी जुनी जखम उघडेल. आणि आपण एक शब्द टाकून विषय मिटवतो. तकदीर. माणूस गेल्यावर त्याच्या आईला धीर द्यायला हा शब्द मोठा आहे. पण दार कुणी दाखवलं नाही या प्रश्नावर तो शब्द झाकणासारखा ठेवला की पुढच्या पोरालाही कुणी दार दाखवत नाही.

फॉरेस्टलच्या खलाशांनीही वर्षानुवर्षं घरी काही सांगितलं नाही, असं त्यांच्यातल्या अनेकांनी म्हातारपणी सांगितलं. फरक एवढाच की त्यांच्या नौदलाने ती काळी-पांढरी फिल्म लपवली नाही. तिच्यावरून शिकवण्यासाठी 'ट्रायल बाय फायर' नावाची फिल्म केली आणि नव्याने भरती होणाऱ्या पोरांना ती वर्षानुवर्षं दाखवली. इथे फोम, तिथे पाणी, बघा काय झालं ते. आग विझवणं हे एका पथकाचं काम नाही, जहाजावरच्या प्रत्येक माणसाचं आहे, अशी शिस्त पुढे पक्की झाली. मग तो स्वयंपाकी असो की न्हावी. नॉरफोकमधल्या त्यांच्या आग विझवायच्या शाळेला फेरियरचं नाव आहे. १४ जानेवारी १९६९ला हवाईजवळ एंटरप्राइज या विमानवाहू जहाजावर अशीच आग लागली. पुन्हा झुनी रॉकेट, पुन्हा बॉम्ब फुटले. अठ्ठावीस माणसं गेली. अठ्ठावीस हा आकडा लहान नाही. पण १३४ नंतरचा तो अठ्ठावीस आहे. त्या दोन आकड्यांमधल्या माणसांत कुणीतरी असा असेल, ज्याला फेरियरच्या मरणाने वाचवलं आणि ज्याला ते कधी कळलंही नसेल.

हे फक्त तिकडचं नाही. २६ एप्रिल २०१९ला आपलं विक्रमादित्य कारवारच्या बंदरात शिरत असताना त्यावर आग लागली. ती विझवायला पुढे झालेला एक तरुण लेफ्टनंट कमांडर धुराने बेशुद्ध पडला आणि गेला. आग आटोक्यात आली, जहाज वाचलं. दोन दिवस बातमी होती.

जहाजं तर जातातच. फॉरेस्टल २०१३ साली एका सेंटला भंगारात विकलं गेलं आणि पुढच्या वर्षी टेक्सासला तोडायला नेलं. त्याच वर्षी, २०१४ला, आपलं जुनं विक्रांत दारूखान्यात तुटायला लागलं. विक्रांत मुंबईत म्युझियम होतं तेव्हा मी अब्बांना ते बघायला घेऊन गेलो होतो. सगळे लोक वर विमानांपाशी फोटो काढत होते. अब्बा खालच्या एका दारापाशी उभे राहून त्याच्या बिजागऱ्या बघत होते. आपले म्हातारे असेच काहीतरी विचित्र बघत बसतात, असं मला तेव्हा वाटलं होतं.

भाचा निघायच्या आधी दोन दिवस घरी आला. अब्बांनी त्याला समोर बसवलं. सर्टिफिकेट मागितलं नाही. एक कागद दिला आणि म्हणाले, "इंजिनरूम काढ." त्याने काढली. "वर यायची वाट दाखव." त्याने जिना दाखवला. "तो धुराने भरलाय. आता?" भाचा कागदाकडे बघत राहिला.

मग अब्बांनी ती बाराची पाळी त्याला सांगितली. सगळी, अकरा पावलांसकट. आपा आतून ऐकत होती, तिने एकदा मला खूण केली की थांबव यांना. मी थांबवलं नाही.

सांगून झाल्यावर अब्बा म्हणाले, "बेटा, बोटीवर चढलास की पहिल्या रात्री झोपायच्या आधी आपल्या बिछान्यापासून डेकपर्यंत डोळे मिटून जायचं. पावलं मोजायची. जिने मोजायचे. मग दुसरी वाट शोधायची आणि तीही मोजायची. कुणी दाखवीन म्हणालं उद्या, तर म्हणायचं आत्ता. आणि तुझ्यानंतर कुणी नवा चढला तर त्याला तू दाखवायची. त्याच दिवशी."

भाच्याने मान हलवली. या वयात मुलं मान हलवतात, त्यातलं किती आत जातं सांगता येत नाही.

तो गेला त्याला आता चार महिने झाले. जहाजावर चढल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. खोलीचा फोटो नव्हता, समुद्राचाही नव्हता. एकच ओळ होती: 'नानांना सांगा, सत्तावीस पावलं, दोन जिने, डोळे मिटून.'

मी तो अब्बांना वाचून दाखवला. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आणि दुसरी? विचार त्याला."

मी विचारलं.